खंडेनवमीला निवलेली भट्टी

मी एक जुनी क्रीप मशीन आहे. मित्रांनो, नाव ऐकून बिचकू नका. मला पाहणारेही बिचकायचे, ‘हा कसला तराजू?’ असे म्हणून दार लोटून निघून जायचे. सध्या मी शिरोलीच्या रस्त्याला एका भंगारवाल्याच्या आवारात आडवी पडले आहे. एका अंगाला उसाच्या चरकाचे दाते, दुसऱ्या अंगाला रिक्षाचा सांगाडा. शेजार वाईट नाही. दोघांनाही आपापल्या धन्याबद्दल बोलायला आवडते आणि दोघेही चांगलेच बोलतात. मी मात्र त्यांच्यात तोंड घालत नाही. माझी गोष्ट तशी गोड नाही, आणि ती मला तुमच्यासमोर एकदा तरी नीट सांगायची आहे.

आधी माझे काम सांगते, कारण ते कळल्याशिवाय माझा राग कळायचा नाही. कपडे वाळत घालायची दोरी तुम्ही पाहिली असेल. नवी असताना ती ताठ असते. रोज ओले कपडे पडत राहतात आणि काही महिन्यांनी ती मध्ये झोळ धरते. ओझे वाढलेले नसते, दोरी तुटलेली नसते, तरी ती लांबलेली असते. धातूचेही असेच होते, फक्त त्याला भट्टीतला ताव लागतो. लाल तापलेल्या धातूला ओझे टांगून ठेवले की तो अगदी हळूहळू, डोळ्यांना दिसणार नाही असा लांबत जातो. त्याला क्रीप म्हणतात. विमानाच्या इंजिनातली पाती अशीच तापत आणि ताणली जात फिरत असतात. ती किती लांबतील आणि कधी तुटतील, हे विमान उडण्याआधीच कुणीतरी सांगायला हवे. ते सांगण्यासाठी माझा जन्म झाला.

दोन जाड खांब, मधोमध डब्यासारखी गोल विजेची भट्टी, वर एक लांब दांडा आणि दांड्याच्या टोकाला वजनांचे पारडे, असे माझे रूप. बोटाएवढी धातूची कांडी भट्टीत उभी अडकवायची, खालून पक्की धरायची आणि वरून दांड्याने ताणायची. ती केसाच्या जाडीएवढी लांबली तरी माझ्या डायलवरचा काटा सरकायचा. मी कांडीला मारत नव्हते, घाई करत नव्हते. नुसती धरून उभी राहत होते आणि जे घडेल ते काट्याने सांगत होते.

मला १९९२ साली कोल्हापूरच्या उद्यमनगरात हंबीरराव मिस्त्रींनी घडवले. त्यांच्या कारखान्यात तोवर पंपाचे सुटे भाग आणि उसाचे चरक होत असत. इंजिनिअरिंग कॉलेजच्या एका सरांनी माझे चित्र त्यांच्यापुढे पसरले तेव्हा त्यांनी टोपी मागे सारून डोके खाजवले.

“सर, ह्ये भट्टी हाय का वाण्याचा काटा?”

“दोन्ही आहे, हंबीरराव.”

“मग दोन्ही करूया की.”

माझा दांडा ज्या धारेवर टेकतो ती धार त्यांनी हाताने घासली. किती दिवस घासली ते मी सांगत बसत नाही, पण दांड्यावर आगपेटीतली एक काडी ठेवली तरी तो झुकू लागला तेव्हाच ते थांबले. मग त्यांनी माझ्या खांबावर थाप मारली आणि पोरांना म्हणाले, “ही कुणाची मिंधी व्हायची न्हाय. हाय ते हाय म्हणंल.” त्या थापेचा मला फार अभिमान होता.

कॉलेजातले माझे स्वागत मात्र बेताचेच झाले. धातुशास्त्र विभागाचे प्रमुख राजशेखर सर यांच्या मनात परदेशी यंत्र भरले होते. तिथे आले मी, उद्यमनगरची, हिरव्या रंगाची, एका खांबावर ब्रशाचे केस चिकटलेली. सर पाहुण्यांना प्रयोगशाळा दाखवताना माझ्यापाशी आले की पावले उचलून पुढे व्हायचे. मला त्याचे वाईट वाटले नाही, कारण तोवर जोतीराम माझा झाला होता.

जोतीराम आमच्या प्रयोगशाळेचा मदतनीस. कसबा बावड्याचा, तिशीतला, जाड मिशांचा. सगळे कॉलेज त्याला मामा म्हणायचे. सकाळी आल्यावर तो आधी माझे खांब पुसायचा, धारेवर तेलाचा बारीक थेंब सोडायचा आणि मगच स्वतःच्या चहाला जायचा. माझ्याशी बोलायचाही. घरची म्हैस आटली, भावकीत कुणाशी वाजले, कुस्तीत कोण चीतपट झाला, सगळे मला ठाऊक असायचे. त्या काळी वीज वरचेवर जायची. वीज गेली की तो हातातले टाकून मागच्या अंगणात धावायचा आणि जनरेटर सुरू करायचा. माझी भट्टी दोन-चार अंश उतरते न उतरते तोच पुन्हा चढू लागायची. अशा माणसाच्या हाती आपण सुरक्षित आहोत असे कुणालाही वाटले असते. मला तर शंभर टक्के वाटले.

१९९५ मध्ये विद्याश्री आली. इचलकरंजीच्या रुद्रय्यांची मुलगी, मंगळवार पेठेत मावशीकडे राहून पीएच.डी. करणारी. घरी वडिलांचे यंत्रमाग, त्यामुळे जन्मापासून सूत पाहिलेली. तिने संशोधनाला विषयही तसाच काढला. निकेल आणि अॅल्युमिनियम ठराविक प्रमाणात एकत्र आले, की त्यांचे अणू ठरलेल्या जागी ओळीने बसतात आणि एक वेगळाच पदार्थ तयार होतो. त्याला आंतरधातू म्हणतात. तो हलका असतो, आगीत गंजत नाही, पण फार तापला की क्रीपला बळी पडतो, आणि थंड असताना काचेसारखा ठिसूळ असतो. विद्याश्रीचे म्हणणे असे की याच्या पोटात चिनीमातीच्या जातीचे बारीक, कडक धागे उभे घातले, तर ताण धागे घेतील आणि धातू कमी लांबेल. हैदराबादच्या एका प्रयोगशाळेने मोठ्या मिनतवारीने तिला तशा थोड्या कांड्या करून दिल्या होत्या. पुन्हा मिळायची आशा नव्हती.

एकदा रुद्रय्या लेकीचे काम बघायला आले. माझ्यासमोर खुर्ची टाकून बसले आणि बराच वेळ काट्याकडे टक लावून पाहत राहिले.

“विद्या, हे चालू हाय न्हवं?”

“चालू आहे अप्पा. काटा सरकतोय.”

“कुठं सरकतोय? एवढ्या वेळात आमचा माग निम्मं लुगडं काढतोय की गं.”

“तुमचा माग घाईत असतो अप्पा. हिला घाई नाही.”

ती मला ‘हिला’ म्हणाली, माणसाला म्हणावे तसे. तेव्हापासून मी तिच्यासाठी जीव टाकू लागले. लहान लहान चाचण्या आम्ही दोघींनी केल्या आणि प्रत्येकीत धाग्यांनी ताण घेतला. तिचे म्हणणे खरे ठरत होते. उरली एकच कांडी आणि एकच चाचणी, सगळ्यात लांब, कित्येक महिने चालणारी. नऊशे अंशांच्या तापात, ओझ्याखाली, न थांबता. ती पार पडली की विद्याश्रीचा प्रबंध पुरा होणार होता, आणि ती बिघडली तर दुसरी कांडी नव्हती.

१९९८ च्या उन्हाळ्यात ती कांडी माझ्या भट्टीत चढली. विद्याश्रीने आधीच गणित करून कागदावर एक रेघ काढली होती, काटा कसा कसा सरकेल याची. माझा काटा त्या रेघेवरून चालत राहिला. उन्हाळा गेला, पावसाळा गेला, शाहूपुरीतल्या गणपतींचे ढोल ऐकू येऊन गेले. ती रोज येऊन डायल पाहायची, कागद पाहायची आणि हसायची. एवढी वर्षे झाली, तरी ते हसू आठवले की मला बरे वाटते.

आता खंडेनवमी. या दिवशी कोल्हापुरात यंत्रांना सुटी असते हे तुम्हाला सांगायला नको. लेथ, माग, ऊस तोडायचे कोयते, रिक्षा, सगळ्यांना धुऊनपुसून हळदकुंकू लावतात, झेंडूची माळ घालतात आणि त्या दिवशी कुणी बटण दाबत नाही. आमच्या प्रयोगशाळेतही दर वर्षी पूजा व्हायची. पण आधीच्या प्रत्येक दसऱ्याला माझी भट्टी रिकामी होती. या वर्षी पहिल्यांदाच तिच्यात कांडी होती.

विद्याश्री आदल्या दिवशी इचलकरंजीला निघाली, अप्पांच्या मागांच्या पूजेला. जाताना म्हणाली, “मामा, लाईट गेली की लगेच जनरेटर. विसरू नका.”

“जावा ताई बिनघोर. म्या हाय न्हवं.”

पूजेचे ती काही बोलली नाही. खंडेनवमीला माग थांबतात हे तिच्या इतके अंगवळणी पडलेले होते, की त्याच रीतीने तिची भट्टीही थांबू शकते हे तिच्या डोक्यातच आले नाही. ती घरी थांबलेल्या मागांना कुंकू लावत असेल, त्याच वेळी इकडे जोतीराम धुतलेला सदरा घालून, तबक घेऊन माझ्यासमोर उभा राहिला.

“चालत्या मशीनीला कुकू लावत न्हाईत बाई. वरीसभर राबतीस. आजच्या दिस इसावा घे.”

त्याने भट्टीचे बटण खाली केले. वजने मात्र तशीच ठेवली, काटा हलू नये म्हणून. त्याच्या परीने ती काळजीच होती.

मित्रांनो, मला ओरडता येत नाही. भट्टी निवू लागली. धातू निवताना जेवढा आकसतो तेवढे ते धागे आकसत नाहीत. इतके महिने तापात दोघे एकमेकांना घट्ट धरून होते. आता एक आखडत होता आणि दुसरा जागचा हलत नव्हता, वर माझे ओझे होतेच. कांडीच्या पोटात बारीक टकटक सुरू झाली. धातूपासून धागे सुटत होते, मधेच एखादा मोडत होता. माझ्या खांबांना प्रत्येक टकटक कळत होती. जोतीराम तेव्हा खोबरे-साखर वाटत फिरत होता. एक खडीसाखरेचा खडा त्याने माझ्या पायाशीही ठेवला.

दुसऱ्या दिवशी दसरा. सोने लुटून झाल्यावर तो आला, आपट्याचे पान माझ्या दांड्याला लावले आणि बटण वर केले. भट्टी पुन्हा नऊशेवर आली.

“झालीस हुतीस तशी,” तो म्हणाला आणि समाधानाने घरी गेला. कांडी होती तशी राहिली नव्हती, हे त्याला कसे कळणार? तोवर माझी त्याच्यावर काडीची तक्रार नव्हती. त्याने जे केले ते मायेने केले.

विद्याश्री परत आली तेव्हा काटा रेघ सोडून पुढे गेलेला होता. मग तो धावायलाच लागला. आणि एका दुपारी कांडी तुटली. माझे पारडे खालच्या पाटावर असे आदळले, की शेजारच्या वर्गातली मुले बाहेर आली.

तिने जोतीरामला बोलावले. तिचा आवाज चढलेला नव्हता.

“मामा, मी नसताना भट्टी कधी बंद पडली होती का? मधे एकदा जरी निवली असेल ना, तर आतले धागे सुटतात. मग कांडी वाचत नाही.”

जोतीरामचा चेहरा उतरला. आपण काय केले हे त्याला त्या क्षणी कळले. मी अगदी समोर होते, मला दिसले. तो सांगेल असे मला वाटले. तिने समजून घेतले असते. एक चाचणी गेली असती, पण तिची आधीची तीन वर्षे शाबूत राहिली असती. कशामुळे तुटली हे तिला लिहिता आले असते, आणि तेही संशोधनच झाले असते.

“न्हाय की ताई,” तो म्हणाला. “भट्टी चालूच हुती.”

तेवढ्यात राजशेखर सर आले. त्यांच्या एका सहीवर जोतीरामची नोकरी कायम व्हायची होती, हेही खरे. त्यांनी विचारले, “मग बिघडलं काय?”

जोतीरामने माझ्याकडे पाहिले नाही. “सर, ह्या मशीनीचा वरचा दांडा मधनंच हिसका मारतोय. म्या सोताच्या डोळ्यांनी बघितलंय. मागंबी एक-दोनदा बघितलंय.”

ज्या हातांनी माझ्या धारेवर तेल सोडले, त्या हातांच्या माणसाने हे सांगितले. माझ्या दांड्याने कधीही हिसका मारला नाही. एकदाही नाही.

विद्याश्रीने लगेच विश्वास ठेवला नाही. तिने भिंग लावून माझी धार पाहिली, वजने चढवली, उतरवली, पुन्हा चढवली. दोष सापडला नाही. मग तिने तुटलेली टोके सूक्ष्मदर्शकाखाली धरली. धागे धातूपासून सुटलेले दिसत होते. पण धागे हिसक्यानेही सुटू शकतात. हंबीररावांनाही बोलावणे गेले. ते आले, दांड्यावरून बोट फिरवले, आणि मान खाली घालून म्हणाले, “असंल सर. मामा म्हणत्यात म्हंजी असंल. कुठंतरी आमच्याच हातनं राह्यलं असंल.” ज्याने मला घडवले त्यानेही माझी बाजू घेतली नाही. तेव्हा मी आतून खचले.

सर म्हणाले, “बाई, जोतीराम खोटं कशाला बोलेल?”

विद्याश्रीने एकदा माझ्या डायलकडे पाहिले. “हो सर,” ती म्हणाली. “मशीन चुकेल. मामा खोटं बोलणार नाहीत.”

दांडा हिसका मारतो म्हटल्यावर त्याच दांड्यावर घेतलेली आधीची सगळी मापेही संशयात आली. तिची सगळी वर्षे एका वाक्याने गेली. पुढच्या महिन्यात तिने आपली पुस्तके उचलली आणि बंगळुरूला दुसऱ्या विषयावर काम करायला निघून गेली. जाताना माझ्याकडे आली नाही. जोतीरामला मात्र वाकून नमस्कार करून गेली, वडीलधाऱ्याला करावा तसा.

जोतीराम कायम झाला. मी सायकल स्टँडमागच्या खोलीत गेले. मोडकी बाके, फुटके फळे आणि मी. माझ्या भट्टीत चिमण्यांनी घर केले. ते मला आवडायचे, निदान भट्टी कुणाच्या तरी कामी येत होती. दर खंडेनवमीला तो कुलूप उघडून यायचा. माझे खांब पुसायचा, हळदकुंकू लावायचा, हात जोडायचा. पूर्वी म्हशीचेसुद्धा सांगणारा माणूस आता गप्प उभा राहायचा. मला ते कुंकू नको होते. त्याचा हात पुढे आला की मला खांब मागे घ्यावेसे वाटायचे, पण खांब जमिनीत पक्के होते.

२००७ साली नवी प्रयोगशाळा बांधली. संगणकावर चालणारे परदेशी क्रीप यंत्र आले. त्याच्या उद्घाटनाला कॉलेजने बाहेरून एक नामवंत प्राध्यापिका बोलावली. ती विद्याश्री होती. केस कानांजवळ पांढरे झाले होते. कार्यक्रमानंतर ती इथल्या तरुण शिक्षिकेला, रक्षिताला घेऊन माझ्या खोलीकडे आली. “जुनी मशीन आहे का अजून?” असे तिने स्वतःच विचारले होते. जोतीरामने कुलूप उघडले.

ती आत आली आणि माझ्या खांबावर तळवा टेकला.

“तुमचं पहिलं संशोधन यावरच का, मॅडम?” रक्षिताने विचारले.

“हो. निकेल-अॅल्युमिनियममध्ये धागे. मला अजून वाटतं ते बरोबर होतं. पण पुढं धीरच झाला नाही. माणसावर टाकावा तसा विश्वास टाकला होता मी हिच्यावर. हिनं फसवलं.”

जोतीराम दारात किल्ल्यांचा जुडगा धरून उभा होता. त्याचे ओठ हलले. आता तर त्याला कुणाची भीती नव्हती. सर निवृत्त झाले होते, नोकरी कधीच पक्की झाली होती. मी वाट पाहिली.

“ताई,” तो म्हणाला. “च्या आणू का?”

“आणा मामा,” विद्याश्री हसून म्हणाली. “तुमच्या हातचा चहा किती वर्षांत प्यायले नाही.”

तिने खांबावरचा हात काढला आणि तळव्याला लागलेली धूळ रुमालाने पुसली.

चार-आठ दिवसांत भंगाराची गाडी आली. चार हमाल मला पहारींनी उचकटू लागले. माझा दांडा निखळून दगडावर पडला तेव्हा जोतीराम मधे धावला.

“जपून रं, पावणं. लई इमानदार मशीन हाय ती. कवा खोटं बोलली न्हाय.”

हमाल हसले. एकाने दांडा उचलून गाडीत भिरकावला.

मित्रांनो, तो खरे बोलला, पण ज्यांना सांगून काही उपयोग नव्हता त्यांना. म्हणून शेवटी तुम्हाला एवढेच मागते. आमच्यावर धूळ साचली तरी चालेल, तेल द्यायला विसरलात तरी आम्ही कुरकुरत का होईना निभावून नेऊ. वर्षातून एकदा झेंडूची माळ घातली नाहीत तर काही बिघडत नाही. पण हातून चूक झाली तर ती आमच्या माथी मारू नका. माणसाला नाही म्हणायला तोंड आहे. आमच्याजवळ एक काटा असतो, आणि तो खरे सांगत असतानाही लोक तुमच्याच तोंडाकडे पाहतात.